काढलेली सनई

लगनसराई सुरू झाल्याचं मला पंचांगाच्या आधी मांडणीवरचे पेले सांगतात. कोपऱ्यावरून डीजेची गाडी वळली की पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागतात, मग खिडकीची काच थरथरते आणि शेवटी माझी छाती. परभणीत राहायला आल्यापासून दर चैत्रात हेच. खिडक्या लावून घ्यायच्या आणि नवरदेव एकदाचा घोड्यावरून उतरावा म्हणून मनातल्या मनात देवाला विनवायचं, एवढंच आपल्या हातात.

यंदा मुक्ता घरी होती. मुक्ता माझी मुलगी. पुण्यात मालिकांना पार्श्वसंगीत देते. सासू जिना उतरायला लागली की मागं ती ढीगभर व्हायोलिनं एकदम किंचाळतात ना, ते काम आमच्या लेकीचं. एवढी व्हायोलिनवाली माणसं तू बसवतेस तरी कुठं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तिनं मांडीवरचा कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला आणि म्हणाली, "सगळी इथंच बसलीत." कुठल्या तरी परदेशी सभागृहात खऱ्या वादकांना बसवून प्रत्येक सूर हळू, जोरात, तुटक, लांब असा वाजवून घेतात, ते सगळं ध्वनिमुद्रित करून विकतात, आणि मग मुक्तासारख्या पोरी घरबसल्या पेटीसारखी एक पट्टी दाबतात की अख्खा वाद्यवृंद वाजतो. गंमत पुढं आहे. नुसती पट्टी दाबली तर ते खरं वाटत नाही म्हणे. फार नीट वाजतं. मग ही बसून त्यात श्वास घालते, एखादा सूर ठोक्याच्या किंचित मागं सरकवते, एखादा थोडा उतरवते.

"म्हणजे चुका घालतेस?" मी विचारलं. माझा सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या चुका काढण्यात गेला, त्यामुळं मला हे फार नवलाचं वाटलं.

"माणसं करतील तशाच चुका," ती म्हणाली. "त्या जमल्या तर सगळं जमलं."

डीजेची गाडी पुढं गेल्यावर तिनं खिडकी उघडली, परत येऊन एक पट्टी दाबली, आणि घरात सनई वाजली. स्वच्छ, गोड, एखाद्या मोठ्या हॉलच्या लग्नातली. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आई, आबा अशीच काढायचे?"

मुक्तानं आपल्या वडिलांचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती जन्मण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज गेला. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं होते, तिला शाळेत सोडायला गेले, तिच्या फ्रॉकला झालरी लावल्या, तिच्यावर रागावलेसुद्धा, पण सगळं मुक्यानं. आता तेही नाहीत. आणि ही पोरगी, जिच्या हाताखाली शंभर वाद्यं आहेत, मला विचारत होती की तिच्या बापाचा आवाज कसा होता. ती तो बनवणार होती. मी फक्त सांगायचं होतं.

मी म्हणाले, "अशी नाही. ही वाजवलेली आहे. ते काढायचे."

हा फरक आमच्या भागात पोरासोरांनाही कळायचा. सनई वाजवतात ती वाजंत्री. आवाज काढतो तो नुसत्या तोंडानं. आमचे हे, म्हणजे सोपान टेलर, सनई काढायचे, क्लॅरिनेट काढायचे, ताशा, डफडं, पूर्णा स्टेशनात उभं असलेलं वाफेचं इंजिन, तेही काढायचे. पण नाव झालं ते सनईवर. ओठ मिटून घ्यायचे, आवाज सगळा नाकात चढवायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं नाकपुडीच्या कडेला अशी नाचवायची की सूर लहरत लहरत वर जायचा. हातात कायम शिंप्याचा खडू. त्यामुळं नाकाच्या एका बाजूला नेहमी पांढरा किंवा निळा डाग असायचा. लग्नाच्या नव्या नवलाईत मी तो डाग पदरानं पुसायला जायची आणि ते म्हणायचे, "राहू दे की. दुकानाची पाटी हाय ती."

मग खरी सनईच का नाही शिकलात, हे मी लग्नानंतर लगेच विचारलं होतं. माझं माहेर सोनपेठचं, शिकलेली, डी.एड. झालेली, मला असले प्रश्न पडायचे. ते हसले आणि ओट्यावर बसलेल्या मामांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं, त्यांनी डोळ्यांनी खूण केली. मामांचं म्हणणं असं की आपण शेतकरी माणसं, सनई ही वाजंत्र्यांच्या तोंडची, ती आपण तोंडाला लावायची नाही. लहानपणी हे एकदा गावच्या लिंबाजीबाबांकडं सनई बघायला गेले आणि नुसती हातात धरली, तर मामांनी घरी आणून अंघोळ घातली आणि मग मारलं. आधी अंघोळ, मग मार. हा क्रम हे फार रंगवून सांगायचे. पोरगं हट्टी. वाद्य तोंडाला लावायचं नाही ना, मग तोंडालाच वाद्य करायचं. लिंबाजीबाबा मारुतीच्या पाराखाली वाजवत आणि हे अलीकडच्या बाजूला बैल राखता राखता ऐकत. असं ऐकून ऐकून ती सनई यांच्या नाकात येऊन बसली. ती बाटली असंही मामांना म्हणता येईना आणि तिला थांबवताही येईना.

आमच्या लग्नात तर कमालच झाली. लग्न सोनपेठला. माझ्या वडिलांनी हौसेनं लांबची, नावाजलेली वाजंत्री आणलेली. सनईवाला खरोखर चांगला होता. पण वऱ्हाडातली यांच्या गावची म्हातारी माणसं तोंड वाकडी करून बसलेली. माझ्या काकांनी घाबरून विचारलं, जेवणात काही कमी पडलं का? तर एक म्हातारा म्हणाला, "जेवण लय झ्याक हाय. पर ही सनई बराबर न्हाई वाटत. सुरुवातीचं म् कुठाय? आमचा नवरदेवच यापरीस चांगली काढतोय." त्या गावानं लिंबाजीबाबांची सनई कायम लांबून ऐकलेली, जवळून ऐकली ती इतकी वर्षं यांचीच, म्हणून खरी ऐकल्यावर ती त्यांना नकली वाटली. मी बोहल्यावर होते. मान खाली होती, पण अंतरपाट दूर झाल्यावर मला मुंडावळ्यांआड यांचे ओठ हललेले दिसले. माणूस स्वतःच्या लग्नात मनातल्या मनात सनई काढत होता.

त्या म् बद्दल सांगायला हवं. तोंड मिटून सूर सुरू केला की आधी एक बारीकसा हुंकार येतो, म्, आणि मग त्यातून सनई निघते. खऱ्या सनईत तो नसतो. तो यांचा.

मी मुक्ताला हे सांगितलं आणि तिनं त्या दिवसापासून कामाला हात घातला. आधी कॉम्प्युटरातली सनई घेतली आणि तिचा गोडवा कमी केला. मग स्वतः माईकसमोर ओठ मिटून, नाकावर बोटं नाचवून म् चा सूर धरला आणि तो खालून मिसळला. तिच्या डाव्या हाताशी एक छोटं चाक असतं, ते पुढं ढकललं की आवाज फुगतो, मागं घेतलं की ओसरतो. शिलाई मशीनचं चाक हातानं पुढंमागं करतात ना, तशीच ती ते फिरवत होती. मी पाहात राहिले. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, बापाचा हात आहे तो. मी मध्येमध्ये सांगत होते, अजून नाकात. अजून नाकात. शेवटाला खाली पडू दे. आणि सांगता सांगता मला ती सनई नाही, तो उन्हाळा ऐकू यायला लागला.

तो उन्हाळा नामांतराच्या वर्षांतला. विद्यापीठाच्या नावाचा वाद मराठवाड्यात पेटून बराच काळ झाला होता, पण गावागावांत तो विस्तवासारखा आत धरून होता. आमच्या गावात दोन वस्त्यांमधलं बोलणं कमी झालं होतं. लिंबाजीबाबांच्या पोरांनी गावाला सांगून टाकलं की आमचा बाप आता मांडवाच्या बाहेर, चपलांपाशी बसून वाजवणार नाही. बोलवायचं तर मानानं बोलवा, मांडवात सतरंजीवर बसवा. यात वावगं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण गावाला सतरंजी देणं जड गेलं. मग लग्नं व्हायची कशी? भटजी "सावधान" म्हणतात, अक्षता पडतात, आणि त्या क्षणाला वाजलं नाही तर बायकांना तो अपशकुन वाटतो. लांबचा बँड सगळ्यांना झेपत नव्हता. गावानं आपला मार्ग काढला. सोपान हाय की, सोपान काढंल.

आणि नेमका त्याच वर्षी यांचा गळा बसलेला. दिवाळीपासून आवाज घोगरा. आधी वाटलं थंडी. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, हळद-दुधापासून ज्येष्ठमधापर्यंत सगळे इलाज केले. शिमग्याच्या सुमाराला परभणीच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सरळ सांगितलं की गाठ आहे, वाईट आहे, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. ऑपरेशनची पाळी मिळाली ती मृगाच्या तोंडाशी. तोवर बोलणं कमी ठेवा, गळ्याला ताण देऊ नका.

काढावी लागेल. डॉक्टरांनीही तोच शब्द वापरला. एसटीत परत येताना मी खिडकीकडं तोंड करून रडले. हे समोरच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ताशा धरून बसले होते.

म्हणजे आमच्या हातात ती एक लगनसराई उरली होती. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, पोटात मुक्ता. मला दुसरं काही नको होतं. घरात बसावं, हळू बोलावं, माझ्याशी बोलावं, इतकंच. किती दिवसांची ती चैन आहे हे मला माहीत होतं. आणि तेच दिवस लोकांच्या मांडवात चालले होते.

त्या दिवसांत आमचं घर म्हणजे नव्या कापडाच्या खळीचा वास, कोळशाच्या इस्त्रीची धग आणि जमिनीवर रंगीत चिंध्या. पुढच्या खोलीत दुकान, मागं आम्ही. बाहेर ऊन असं की कडब्याच्या गंजीकडं बघवत नव्हतं. दुपारभर मशीन चालायची आणि पूर्वी मशीनच्या तालावर त्यांचं काही ना काही चाललेलं असायचं, आता नुसती मशीन. मला ती शांतता बरी वाटायची, कारण वाचतोय आवाज, साठतोय, असं वाटायचं. मग दाराशी कुणीतरी टोपी हातात घेऊन उभं राहायचं. "सोपानराव, जरासं येता का? दोनच मिनिटं. पोरीचं लगीन हाय, मुकं कसं लावावं?"

एकदा मीच दारात उभी राहिले आणि सांगितलं, "येणार न्हाईत. डॉक्टरनं मना केलंय." त्या गृहस्थांनी मान हलवली, बिचारे वळलेसुद्धा. तेवढ्यात आतून हे बाहेर आले, खांद्यावरची टेप खुंटीला अडकवली आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले.

परत आल्यावर मी भांडले. मी लाजरी सून होते, पण त्या दिवशी भांडले. म्हटलं, गावाला सनईची एवढी हौस असंल तर सतरंजी टाका की लिंबाजीबाबांना. तुमचा गळा का कापून घ्यायलात?

ते घोटभर पाणी प्यायले. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "अगं, वाचवून तरी काय करायचाय? बोलायला कुणी बी हाय गावात. सनई कोण काढंल? माझा आवाज म्हंजे काय, टेलरचा आवाज. बाही किती ठिवू अन् गळा किती ठिवू, एवढंच तर बोलतोय मी जल्मापासनं."

मला फार राग आला. मला तोच आवाज हवा होता. बाही किती ठेवू, हाच. हे मी त्यांना सांगितलं नाही असं नाही, सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. आयुष्यभर ज्याच्याकडं लोकांनी दुसऱ्याचे आवाज मागितले, त्याला आपला स्वतःचा आवाज कुणाला हवा असेल हे पटेना.

आणि ते गेले की मीही मागोमाग जायची. बायकांच्या घोळक्यात, आंब्याच्या डहाळ्यांच्या सावलीत उभी राहायची. "सावधान" झालं की हे दोन बोटं नाकाशी नेत. ती सनई आता फाटायला लागली होती. वर चढताना मध्येच तुटायची, आणि तुटलेल्या जागेतून नुसती हवा यायची. लोकांना ती पहिल्यापेक्षा आवडली. पाठवणीच्या वेळी बायका पदर तोंडाला लावून रडायच्या आणि म्हणायच्या, आज सोपाननं लय रडवलं. मी त्यांच्यातच उभी राहून रडायची आणि कुणाला वेगळं काही वाटायचं नाही, लग्नात रडायला सगळ्यांना मुभा असते.

आजची पोरं विचारतील, टेप का नाही केलं? केलं होतं. रेशन दुकानदाराकडं टेपरेकॉर्डर होता. तो एका दुपारी घेऊन आला, लाल बटण दाबलं आणि म्हणाला, होऊन जाऊ द्या. यांनी सगळं काढलं. सनई, क्लॅरिनेट, ताशा, पूर्णेचं इंजिन. बटण दाबलेलं असेपर्यंत बोलले मात्र काहीच नाहीत, कारण यंत्रासमोर नुसतं बोलायचं काय, अशी त्यांना लाज वाटली. पुढं काही वर्षांनी ती कॅसेट टेपरेकॉर्डरनंच खाल्ली. तिचं मला तेवढं दुःख झालं नाही, हे मुक्ताला ऐकून धक्का बसला. पण मी खरं तेच सांगितलं. मला जे हवं होतं ते त्या कॅसेटमध्ये नव्हतंच.

लगनसराई संपत आली तेव्हा लिंबाजीबाबा आमच्या दारात आले. म्हातारे झाले होते, धोतराचा सोगा खांद्यावर, आणि बगलेत कापडात गुंडाळलेली सनई. ओट्यावर मामा बसलेले. त्यांच्याकडं न बघता ते दुकानाच्या उंबऱ्यापाशी आले आणि यांना म्हणाले, "आयकलं मी. आता तरी लाव की रं तोंडाला एकडाव."

मामा उठले. मला वाटलं आता काही बोलतात. ते बैलांना पाणी दाखवायला म्हणून मागं निघून गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते.

यांनी सनई दोन्ही हातांत घेतली. खडूचे हात आधी पँटला पुसले. ओठांना लावली, गाल फुगवले आणि फुंकली. फुर्रर्र असा आवाज आला, म्हशीनं नाक फेंदारावं तसा. परत फुंकली. परत तेच. ज्या माणसाच्या सनईवर गावातली लग्नं लागत होती, त्याला खरी सनई वाजवता येत नव्हती. आधी लिंबाजीबाबा हसले, मग हे हसले, मग आत्याबाई आतून हसल्या. हसता हसता यांना खोकला आला आणि तो थांबेना. लिंबाजीबाबा यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "राहू दे बाबा. तुजी तुलाच बरी." मी त्यांना आत बोलावलं, चहा केला. ते आत आले, मशीनशेजारच्या चटईवर बसले, आणि कपबशीत चहा घेतला. आमच्या घरात ते पहिल्यांदा बसले आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष यांच्या खोकल्याकडं होतं.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं. त्यातूनच श्वास. त्यावर ते स्वतः शिवलेला मऊ रुमाल बांधायचे. मला हाक मारायची तर कात्री टेबलावर वाजवायचे. दिवाळीच्या आसपास मुक्ता झाली. लोक म्हणायचे, पोरीनं पोटात ऐकलं असंल बापाला. मी शिक्षक आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी ही एक खरी असावी असं मला वाटतं. ती अक्षरं शिकायच्या आधी बापाचे ओठ वाचायला शिकली. संध्याकाळी ते तिला मांडीवर घ्यायचे, ओठ मिटायचे आणि दोन बोटं नाकाच्या कडेला नाचवायचे. आवाज काहीच नाही. ती त्या बोटांकडं बघून खदखदून हसायची. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि मला सनई ऐकू यायची. आम्हा तिघांत ती ऐकू येणारी मी एकटीच नसणार, त्यांनाही येत असणार.

तर मुक्ताचं काम चाललेलं. एके दिवशी माझ्या नणंदबाई, शांतावन्सं, नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मी आत चहा टाकत होते, वन्सं पलंगावर पंख्याखाली टेकलेल्या. बाजूच्या खोलीत मुक्तानं केलेलं लावलं. आधी तो हुंकार, म्, मग नाकातली सनई वर वर गेली, तुटली, तुटल्या जागी हवा, आणि परत जुळली.

माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. बाहेर आले तर वन्सं उठून उभ्या राहिल्या होत्या. "कोन काढायलंय?" त्या म्हणाल्या. "दादाच की गं. दादा काढायलाय." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मुक्ता दारात आली. तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. जमलं होतं तिला. कुठल्याही खऱ्या वाद्याची नाही, तर तोंडानं केलेल्या नकलेची नक्कल, आणि ती बापाच्या बहिणीनं ओळखली होती. मी तिला जवळ घेतलं. मला आनंद झाला, खूप झाला, आणि सनई थांबल्यावरही तो थोडा वेळ टिकला.

मग मुक्तानं विचारलं, "आत्या, आणि आबा बोलायचे कसे? नुसतं बोलताना?"

वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "बोलायचा की. साधाच बोलायचा." थोडा विचार केला. "म्हंजे बग, असं..." आणि त्यांनी नाकाला बोट लावून सनईच काढली. मग स्वतःच ओशाळल्या. "न्हाई गं. बोलनं न्हाई ध्यानात. सनई हाय."

पुढच्या काही दिवसांत मुक्तानं फोन करून गावातल्या जुन्या माणसांना विचारलं. सगळ्यांना सनई आठवत होती. कुणी फोनवर इंजिनही काढून दाखवलं. बोलण्याबद्दल विचारलं की मेळ लागेना. आवाज जाड होता म्हणायचं कुणी, कुणी म्हणायचं बारीक. शेवटी ती माझ्याकडं आली. माईक माझ्यासमोर ठेवला, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तुला तर आठवतच असणार."

मी तिला दवाखान्यातली सकाळ सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती.

वॉर्डात गर्दी होती, नर्सबाई यांचं नाव घेऊन गेल्या होत्या. हे पलंगावर हिरवा गाऊन घालून बसलेले. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सांग, काय काढू? शेवटचं." मी म्हटलं, "काही काढू नका. नुसतं बोला." त्यांना बोलायला काही सुचेना. मग म्हणाले, पाटलाच्या सुनेच्या झंपरला हुक लावायचे राहिलेत, ते तू लाव. मशीनचा पट्टा सैल झालाय. ताडकळसच्या बाजारातनं पांढऱ्या रिळा आण. पाऊस आला तर खिडकीखालचं कापड आत घे. असंच बोलत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत एकेक शब्द जपून ठेवायची धडपड करत होते. शब्द राहिले, सगळेच्या सगळे.

मग स्ट्रेचर आलं. आमच्यात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मी त्यांची "अगं" होते, "ऐकलंस का" होते. माझं सासरचं नाव सुनंदा. लग्नात यांनीच ते अंगठीनं ताटातल्या तांदळांवर लिहिलं होतं, आणि तेही त्यांनी कधी तोंडानं उच्चारलं नाही. माहेरचं नाव तर त्यांनी लग्नपत्रिकेत वाचलं असेल तेवढंच. स्ट्रेचर दाराशी गेल्यावर त्यांनी मान वळवली, सगळ्या वॉर्डादेखत, आणि मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली. त्यांच्या गळ्यातून निघालेला तो शेवटचा शब्द.

मुक्तानं माईक माझ्या आणखी जवळ सरकवला. मग तिनं हळूच विचारलं, "कशी मारली हाक? तू मारून दाखव ना, त्यांच्यासारखी."

मी डोळे मिटले. वॉर्ड दिसला, हिरवा गाऊन दिसला, ओठ हललेले दिसले. मी तोंड उघडलं.

"गोदावरी," मी म्हणाले.

माझाच आवाज आला.

"परत," मुक्ता म्हणाली. "घाई नाही. आठवून."

मी परत म्हणाले. परत माझाच.